डोंगरात एकांतातलं लहान घर घ्यायचंय (जांबोटी-कणकुंबी बाजू), जागा कशी ओळखायची?

शहापूरकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापूरला घर. उद्यमबागेत फौंड्रीत ३१ वर्षं काढली, पुढच्या वर्षी रिटायर होतोय. फेटलिंग आणि शॉटब्लास्टच्या आवाजात इतकी वर्षं गेली की सुट्टीच्या दिवशी पण कानात ते वाजत असतंय. मुलं पुण्याला सेटल. आता मला आणि मिसेसला एकच हौस राहिलीय, डोंगरात दोन खोल्या आणि पुढं पडवी, एवढंच घर, जिथं सकाळी उठल्यावर माणसाचा आवाज आधी कानावर येऊ नये. बंगला नको, होमस्टे काढायचा नाही, भाड्यानं द्यायचं नाही. राहायचं.

दोन महिन्यांत तीन जागा बघितल्या. पहिली जांबोटी रोडला लागून २० गुंठे. मंगळवारी गेलो तेव्हा एक म्हैस सोडली तर कोण नव्हतं, एवढी शांतता की मी तिथंच ॲडव्हान्स देणार होतो, खरं मिसेस म्हणाली रविवारी परत येऊन बघूया. रविवारी गेलो तर रस्त्यावर गोव्याच्या आणि बेळगावच्या गाड्यांची रांग, आणि वरच्या बाजूच्या रिसॉर्टवर दुपारी तीनला स्पीकर सुरू. दुसरी जागा खानापूरहून हेम्माडगा बाजूला, एजंट सारखं "फॉरेस्ट टच, फॉरेस्ट टच" म्हणत होता. झाडी बघून मन भरलं खरं कागद दाखवायला तो तयार होईना. तिसरी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, एकदम वर, तिथून लांब गोव्याकडचे डोंगर दिसतात, एजंट म्हणाला इथं तुम्हाला कोण बघणार नाही. मला मात्र तिथं उभारल्यावर असं वाटलं की चारी बाजूच्या गावांना मीच दिसतोय.

तर ज्यांनी अशी जागा घेतलीय त्यांना विचारायचं होतं, एकांत आहे की नाही हे घ्यायच्या आधी कसं ओळखायचं? आणि मिसेसला शुगर-बीपी दोन्ही आहे, त्यामुळं पावसात अगदी तुटून पडेल अशी जागा पण नको. दोन्ही जमतंय का?

सड्याखालचा

शहापूरकर, तुमचा मंगळवार-रविवार वाचून आमचेच दिवस आठवले. वहिनींनी थांबवलं ते फार चांगलं केलं. आम्ही २०१६ ला जांबोटीच्या पुढं आत एका गावाच्या टोकाला ३० गुंठे घेतले, त्याच्या आधी दीड वर्ष नुसतं बघत हिंडलो, त्यामुळं थोडं लांबड लावतो.

पहिली गोष्ट, दिवसा बघून जागा कळत नाही. रात्र काढा तिथं. आम्हाला एक सड्यावरची जागा जवळपास पसंत पडली होती, तुमच्या तिसऱ्यासारखीच. व्यवहाराच्या आधी मी आणि मेहुणा छोटा हत्ती टेम्पो घेऊन गेलो, मागं सतरंजी टाकून तिथंच झोपलो. साडेनऊला हवा गार पडली आणि लग्नाचा स्पीकर सुरू झाला, इतका स्वच्छ की नवरा-नवरीची नावं कळत होती. आम्हाला वाटलं खालच्या वाडीत असेल. सकाळी गुराख्याला विचारलं तर लग्न दरीच्या पलीकडच्या गावात होतं, तीनेक किलोमीटर तरी. रात्री गार हवा दरीत बसते आणि वर गेलेला आवाज परत खाली वळतो, त्यामुळं उघड्या दरीच्या काठावर असलात की पलीकडचं सगळं गाव तुमच्या अंगणात येतंय. त्याच सकाळी परतताना चारशे-पाचशे पावलं खाली डोंगराच्या सोंडेच्या आड गेलो तर एकदम कानात दडे बसल्यासारखं शांत, फक्त खाली ओढ्याचं पाणी. ती सोंड मधी होती म्हणून. आमचं घर आज त्या सोंडेच्याच आड आहे. तेव्हा गावापासून किती किलोमीटर हे बघू नका, तुमच्या आणि रस्त्याच्या मधी, तुमच्या आणि समोरच्या गावाच्या मधी उंचवटा आहे का हे बघा. रस्त्यापासून पाचशे मीटर पण सोंडेच्या आड असलेली जागा मला दोन किलोमीटर लांबच्या उघड्या जागेपेक्षा बरी वाटते.

रस्ता बघताना वळण आणि चढ बघा. सरळ रस्त्यावरची गाडी निघून जाते, वळणावरचा प्रत्येक जण हॉर्न मारतो आणि चढावर लॉरीवाला गिअर बदलतो. रात्री आठला जागेवर बसून राहा, वळणावरच्या गाडीचे हेडलाईट भिंत येणार त्या ठिकाणी फिरतात का बघा. फिरत असतील तर जन्मभर फिरणार.

दुसरं झाडांचं. विकणारा माणूस भलेपणानं म्हणतो, "साहेब जेसीबी लावून साफ करून देतो, व्ह्यू बघा कसा दिसतोय." हात जोडून त्याला सांगा की एक काटकी तोडू नको. आमच्या शेजारचा प्लॉट असाच साफ केला, अंजनी, करवंद, जांभूळ, सगळं एका दिवसात गेलं, आता त्या बिचाऱ्यांनी हिरवं कापड बांधलंय आडोशाला. अंजनीचं झाड परत तेवढं व्हायला एक पिढी जाते हो. आणि झाडं कुठली आहेत ते पण बघा. साग असेल तर पावसात जागा झाकलेली दिसते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत सगळा पाला गळून घर उघडं पडतं. काजू, जांभूळ, अंजनी, फणस बारमाही हिरवे. आडोसा यांचाच धरा.

सड्याबद्दल. वरचा जांभ्याचा सडा दिसायला सुंदर, पावसानंतर फुलं येतात, जाऊन बसावं असंच आहे. घर नको. वर माती बोटभर, पाणी सगळं वाहून खाली जातं, शिमगा झाला की विहिरी तळाला. आणि आषाढातला पश्चिमेचा वारा तिथं कौलं उचलतो. पहिल्या पावसाळ्यात आमची पडवी पश्चिमेला होती, झड आत येऊन भिंतीवर माझ्या खांद्याइतकी ओल चढली, पांघरुणं वाळेनात, बायकोच्या गुडघ्यांनी संप केला. आता ती बाजू चिऱ्यांची सलग भिंत, बाहेरून पावसाळ्यात झावळ्यांचा आडोसा, आणि पडवी पूर्वेला. गावातली जुनी घरं बघा, कुठली कुठं तोंड करून आहेत. त्यांना विचारायचीही गरज पडत नाही, नुसतं बघितलं की कळतं.

म्हणून जागा दोनदा बघा, एकदा जुलैत आणि एकदा एप्रिलअखेर. जुलैत रस्ता आणि वारा कळतो, एप्रिलात पाणी आणि आडोसा.

उतारा_बघणारा

वरच्या दादांनी कानाचं आणि डोळ्याचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो कारण माझी सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत आणि कागदात गेली. शहापूरकर, त्या दुसऱ्या जागेच्या माणसाला विसरा. कागद दाखवायला टाळाटाळ म्हणजे विषय संपला.

"फॉरेस्ट टच" हा शब्द ऐकला की मला काळजी वाटते. तिकडं भीमगड अभयारण्य आहे, २०११ ला जाहीर झालं, जवळपास १९० चौरस किलोमीटर, आणि आतल्या गावांत अजून लोक राहतात, त्यांच्या मालकीच्या जमिनी पण आहेत. त्यामुळं उतारा खरा असू शकतो आणि तरीही तिथं घर बांधायला, वीज ओढायला, रात्री गाडी न्यायला अडचण असू शकते. फोनवर दिशांक ॲप घ्या, जागेवर उभं राहून सर्व्हे नंबर बघा, एजंटनं सांगितलेला नंबर तोच आहे का. मी स्वतः असे लोक बघितलेत की ज्यांना जागा एक दाखवली आणि कागद शेजारच्या नंबरचे दिले. मग तो नंबर घेऊन रेंज फॉरेस्ट ऑफिसला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर पैसे देऊ नका.

आपल्याकडं २०२० पर्यंत शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती, लँड रिफॉर्म्स ॲक्टचं ७९अ, ७९ब होतं. ते २०२० ला काढलं, त्यामुळं तुम्ही फौंड्रीतले असलात तरी खानापूर तालुक्यात शेतजमीन घेऊ शकता. शेतजमिनीवर स्वतःच्या राहण्यासाठी फार्महाऊस बांधता येतं, लँड रेव्हेन्यू ॲक्टच्या कलम ९५ मध्ये त्याची मर्यादा धारण क्षेत्राच्या १० टक्के आहे आणि ते व्यापारी वापराला भाड्यानं देता येत नाही. तुम्हाला द्यायचंच नाही, त्यामुळं तुमचं भागतंय. त्याच्या पुढं जायचं असेल तर डीसींकडून (जिल्हाधिकाऱ्यांकडून) एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी.

आता उतारा, म्हणजे आरटीसी. कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर लाज न बाळगता वाचता येणाऱ्या दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या, एकाकडून नको. ९ नंबरच्या रकान्यात मालकांची नावं. आपल्या खेड्यात एका नंबरला दहा-बारा नावं असणं नेहमीचं, भाऊ, चुलत भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी. सगळ्यांच्या सह्या हव्यात, मुंबईत असलेल्याची पण आणि बहिणीची तर हवीच हवी. ११ नंबरला बोजा आणि इतर हक्क, सोसायटीचं कर्ज तिथं दिसतं. आणि खराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा बघा, अ खराब आणि ब खराब. ब खराब म्हणजे ओढा, वाट, अशी सार्वजनिक जागा, ती नंबरात दिसते पण कुणाला विकता येत नाही. डोंगराळ नंबरात ही ब खराब बऱ्यापैकी असते आणि एजंट ती धरून गुंठे सांगतो. एका नंबरातला तुकडा घेत असाल तर ११ई स्केच, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणीचा नकाशा लागतो, त्याशिवाय नोंदणी होत नाही. ईसी, म्हणजे जागेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला, कमीत कमी ३० वर्षांचा काढा. जमीन सरकारनं एससी-एसटी कुटुंबाला दिलेली असेल तर १९७८ च्या कायद्यानं सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, अशी जागा स्वस्त सांगितली तरी हात लावू नका, कायद्याचं सोडा, दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो.

पश्चिम घाटाच्या ईएसए (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र) मसुद्याची भीती घालून कोण घाईनं विकायला बघत असेल तर त्यात पडू नका. जुलै २०२४ ला सहावा मसुदा आला, त्यात खाणी, क्वारी, रेड कॅटेगरीचे (जास्त प्रदूषणाचे) कारखाने आणि २० हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं यांच्यावर बंदी सुचवलीय. दोन खोल्यांच्या घराचा तो विषय नाही. उलट तो लागू झाला तर आजूबाजूला क्वारी येणार नाही ही तुमच्या शांततेला मदतच.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, वाट. आत एकांतातली जागा म्हणजे वाट दुसऱ्याच्या शेतातून. आज तो माणूस हसून जाऊ देतो, उद्या त्याचा मुलगा तार ओढतो. नकाशात गाडीवाट आहे का बघा, नसेल तर वाटेचा हक्क रजिस्टर करून घ्या, रुंदी फुटात लिहून.

कणकुंबीची_लेक

मी कणकुंबीकडची, लग्न होऊन आता खानापुरात. सगळं वाचलं, दोघांनी बरोबर सांगितलंय, खरं एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. तुम्ही ज्याला रिकामी जागा म्हणता ती आमच्यासाठी रिकामी नसते काका. तिथून गुरं जातात, तिथं आमच्या बायका करवंदं आणि जळण आणतात, एखाद्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड असतो. आमच्या वरच्या बाजूला एकांनी जागा घेतली आणि पहिल्याच आठवड्यात चारी बाजूंनी तार मारली, गुरांची वाट त्यातच गेली. भांडण नाही झालं, आमच्याकडं लोक भांडत नाहीत पटकन, फक्त कोण त्यांच्याकडं जायचं बंद झालं. पुढच्या पावसात त्यांच्या वाटेवर झाड पडलं, तीन दिवस ते तसंच होतं. माझा भाऊच शेवटी कोयता-करवत घेऊन गेला, मला त्याचं कौतुक वाटतं, खरं तीन दिवस गेले ना.

तुम्ही विचारलंय दोन्ही जमेल का, एकांत पण आणि तुटून पडायचं पण नाही. जमतं. गावाच्या शेवटच्या घरापासून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर घ्या, झाडी मधी ठेवा. दिसायला नको, हाकेला हवं. आमच्या भागात पाऊस सुरू झाला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, लाईट जाते, टॉवर जातो. माझ्या आज्जीला एका श्रावणात रात्री दम लागला तेव्हा गाडी ओढ्याच्या अलीकडं थांबली, चार जणांनी तिला खुर्चीत बसवून गुडघाभर पाण्यातून पलीकडं नेलं, पुढं कंदील धरून माझी आई. ती खुर्ची उचलायला चार माणसं लागली आणि ती चारी शेजारची होती. वहिनींना शुगर-बीपी आहे म्हणताय तर जागा आणि डांबरी रस्ता याच्या मधी ओढा नको, असला तर त्यावर मोरी (छोटा पूल) हवी, आणि ती मोरी जुलैत बघा, पाणी वरून जातं का. गोळ्या जून लागायच्या आधी दोन महिन्यांच्या भरून ठेवायच्या.

जनावरांचं पण सांगते. गवे सगळीकडं आहेत, ते त्यांच्या वाटेनं जातात, त्या वाटेवर घर बांधू नका एवढंच. अस्वलाला मात्र जपा, संध्याकाळी एकटं चालायचं नाही, बॅटरी आणि काठी, आणि बोलत चालायचं म्हणजे त्याला आधी कळतं. फणस पिकायच्या दिवसांत घराजवळ फणस खाली पडू देऊ नका. हत्ती अधूनमधून येतात, केळी आणि भात असेल तिथं. गावात गेलात की गावकऱ्यांना विचारा जनावरांची वाट कुठली, नकाशात नाही ती.

आणि गाव वार पाळतं, म्हणजे ठरलेल्या वारी कामं बंद ठेवतं, तेव्हा तुम्ही पण पाळा. कोण सक्ती नाही करणार, खरं पाळलंत तर लक्षात ठेवतात.

शहापूरकर

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, कसे आभार मानू. मिसेसनं ताईंचं उत्तर दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. खुर्चीचं वाचून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली जागा बघायच्या आधी गाव बघूया.

एक विचारायचं होतं, तिळारी-पारगड बाजूला पण एकानं सांगितलंय, शिनोळीवरून जवळ पडतं. तिकडं बघू का?

पाटणे_फाटा

आम्ही चंदगडवाले. या की, भाषा तीच माणसं तीच. खरं आमचा तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे कायदा महाराष्ट्राचा. इथं शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, कर्नाटकातली २०२० ची सूट इकडं चालत नाही. एनए झालेला प्लॉट घेता येतो पण तसे प्लॉट बहुतेक रस्त्याला लागून आणि एकमेकाला चिकटून, मग तुमचा एकांत कुठं राहिला. पावसाचं, वाऱ्याचं, गव्यांचं सगळं सेम. काजूच्या बागेत जुनं घर असलेली जागा कधीतरी निघते, तीच बघण्यासारखी, विहीर आणि झाडं आधीच असतात.

उतारा_बघणारा

बरोबर आहे. तुमच्याकडं घराण्यात कुठं शेती असेल, वडिलांच्या नावावर वगैरे, तर तो उतारा काढून एखाद्या तिकडच्या वकिलाला विचारा. नाहीतर खानापूरच धरा. जुनं घर असलेल्या जागेचं मी पण म्हणेन, पंचायतीत घराची नोंद असेल तर ई-स्वत्तूचा ९ आणि ११ नंबरचा फॉर्म मागा.

सड्याखालचा

शहापूरकर, जुनं घर मिळालं तर त्या घरात आधी कोण राहत होतं आणि का सोडलं ते विचारा, नुसतं मुलं शहरात गेली म्हणून सोडलं असेल तर चांगलंच आहे. पाण्यासाठी सोडलं असेल तर विहिरीत दोर टाकून बघा एप्रिलात.

आणि असं करा, आषाढात आमच्याकडं या दोघं, दोन दिवस राहा. आमच्या खालच्या वाडीत एक घर बंद आहे, मालक बेळगावलाच असतात, विकायचं का नाही अजून ठरलेलं नाही, मी काही शब्द देत नाही. पण जागा ओढ्याच्या अलीकडं आहे, मधी काजूची बाग, आणि शेवटच्या घरातल्या मावशींनी हाक मारली की तिथं ऐकू येते, मी स्वतः ऐकलीय. रात्री तिथं बसून तुम्हीच बघा काय काय ऐकू येतंय.

शहापूरकर

येतो. दुसऱ्या शनिवारी सकाळची कणकुंबी गाडी धरतो, स्वतःची गाडी आणत नाही, बसनं किती जमतंय ते पण कळेल. मिसेस विचारतेय काय काय आणू?

सड्याखालचा

काही आणू नका. वहिनींच्या गोळ्या, दोन जादा टॉवेल, आणि जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी. बूट नको, प्लास्टिकच्या चपला घाला. जांबोटीला उतरा, मी जीप घेऊन स्टँडवर थांबतो.